मेनूतली वेळ: १२ तासांची, २४ तासांची आणि वाचताक्षणी कळणारी

कृषिपंपाची वीज पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. मोबाइलवरून मोटार चालू करता येणारा स्टार्टर बसवला, की शेतकरी ॲपमध्ये ‘१२:३०’ भरतो आणि झोपतो. ॲपने ती वेळ दुपारची धरली, तर रात्री फीडरवर वीज असताना मोटार बंदच राहते आणि दुपारी वीज नसताना तिला चालू व्हायचा हुकूम जातो. मोसंबीची एक पाळी हुकते. ॲप उघडून पाहिलं तर तिथे १२:३० च दिसतात, म्हणजे चूक कुठे झाली हेही कळत नाही.

मोटारीचं ॲप हे एक उदाहरण झालं. जालना, परभणी, लातूर, नांदेडकडे आता दवाखान्याचा नंबर, शिकवणीचा वर्ग, मोंढ्यातल्या सौद्याची वेळ, रेल्वेचं तिकीट हे सगळं फोनवर आलं आहे आणि प्रत्येक ठिकाणी कुठेतरी वेळेचा पर्याय आहे. तो मराठीत आणणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा नुसती शब्दांची यादी पडते. पडदा दिसत नाही, तो शब्द कुठे बसणार हे माहीत नसतं. पुढच्या सूचना त्या यादीवर काम करणाऱ्यासाठी आहेत आणि यादी बनवणाऱ्या प्रोग्रामरसाठीही, कारण निम्म्या चुका शब्दांत नसतात, शब्द जोडण्यात असतात.

पर्यायाचं नाव

मेनूत ‘काल प्रारूप’, ‘वेळ स्वरूप’ असं लिहू नका. वाचणाऱ्याला त्यातून काय बदलणार आहे ते कळत नाही. ‘वेळ कशी दाखवायची’ हे लांब आहे, पण बटण दाबण्याआधीच काम सांगतं. जागा फारच कमी असेल तर ‘घड्याळाची पद्धत’ चालेल.

आतले दोन पर्याय असे ठेवा:

१२ तासांचे घड्याळ: रात्री ९:०५
२४ तासांचे घड्याळ: २१:०५

यातला ‘घड्याळ’ शब्द जागा वाचवण्यासाठी सगळ्यात आधी कापला जातो, आणि तोच कापायचा नाही. नुसतं ‘२४ तास’ म्हटलं की मेडिकल स्टोअरची पाटी डोळ्यांपुढे येते: अहोरात्र उघडं. औषधाची आठवण देणाऱ्या ॲपमध्ये ‘१२ तास’ आणि ‘२४ तास’ असे दोन पर्याय दिसले, तर कुणीही ते ‘दर बारा तासांनी’ आणि ‘दिवसातून एकदा’ असेच वाचेल. गोळी दोनदा घ्यायची असलेला माणूस ‘१२ तास’ निवडेल आणि आपण आठवण लावली अशा समजुतीत राहील. म्हणून जिथे डोस, भाडं, पाणी देण्याचा कालावधी अशी तासांत मोजायची दुसरी गोष्ट त्याच ॲपमध्ये आहे, तिथे ‘तासांचे घड्याळ’ हे दोन्ही शब्द हवेतच.

२४ तासांची वेळ गावाकडे सगळ्यात जास्त रेल्वेमुळे माहीत आहे. पर्यायाखाली बारीक अक्षरांत ‘रेल्वे वेळापत्रकात असते तशी’ अशी ओळ दिली तर चांगली मदत होते. मात्र पर्यायाचं नावच ‘रेल्वेची वेळ’ ठेवू नका. तिथे गाड्यांच्या वेळा मिळतील असं वाटून लोक ते उघडतात.

तिसरा पर्याय असेल तर ‘सिस्टम डिफॉल्ट’ ऐवजी ‘फोनमध्ये आहे तशी’ लिहा, आणि फोनमध्ये सध्या काय आहे तेही शेजारी दाखवा: ‘फोनमध्ये आहे तशी (सध्या १२ तासांचे घड्याळ)’. हा कंस नसेल तर माणूस तीन पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडतो.

नमुन्याची वेळ नीट निवडा

शब्द कितीही चांगले असले तरी लोक आधी नमुना पाहतात. बहुतेक ॲपं नमुना म्हणून आत्ताची वेळ दाखवतात, आणि घोळ इथेच होतो. सकाळी १०:२५ वाजता मेनू उघडला तर एका पर्यायापुढे ‘१०:२५’ आणि दुसऱ्यापुढेही ‘१०:२५’. फरक असेल तर शेजारच्या एका शब्दाचा. पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात.

नमुना ठरलेला ठेवा आणि तो रात्री नऊ वाजून पाच मिनिटांचा ठेवा. ती वेळ एकदम चार गोष्टी दाखवते. तेराच्या पुढे गेल्याने ९ आणि २१ वेगळे दिसतात. तासाचा अंक एकच असल्याने आधी शून्य येणार की नाही, ते कळतं. मिनिटं दहाच्या आत असल्याने ‘०५’ लिहिलं जातं हे दिसतं. आणि ‘रात्री’ हा शब्द आधी येतो की नंतर, तेही दिसतं. १०:१०, १२:०० आणि ११:११ हे नमुने टाळा.

सकाळी, दुपारी, सायंकाळी

‘म.पू.’ आणि ‘म.उ.’ ही संक्षिप्त रूपं जुन्या भाषांतरांतून अजून डोकावतात. मध्यान्हपूर्व आणि मध्यान्होत्तर असा त्यांचा अर्थ, पण ती वाचून कुणालाही वेळ कळत नाही. ‘पूर्वाह्न’, ‘अपराह्न’ यांचंही तेच. एएम-पीएम शिकलेल्या लोकांना चालतं, तरी बाराच्या आसपास तेही लंगडतं. ते पुढे येईल. मराठीत वेळेआधी ‘सकाळी’, ‘दुपारी’ म्हणायची सवय आहे, तीच वापरा.

फक्त सीमा पक्क्या करा. युनिकोडच्या सीएलडीआर या भाषा-माहितीच्या साठ्यात मराठीसाठी पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे भाग आहेत. तुमच्या प्लॅटफॉर्मवर ते किती वाजता बदलतात हे तपासून घ्या. स्वतः ठरवायचं असेल तर ही वाटणी चालते:

पहाटे: ४:०० ते ५:५९
सकाळी: ६:०० ते ११:५९
दुपारी: १२:०० ते ३:५९
सायंकाळी: ४:०० ते ७:५९
रात्री: ८:०० ते ३:५९

यावर वाद होईल. तीन वाजता रात्र की पहाट? काही घरांत ‘पहाटे तीनला उठलो’ म्हणतात. सायंकाळ आठपर्यंत कशी? छत्रपती संभाजीनगरला जूनमध्ये सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो आणि डिसेंबरात सहाच्या आतच, म्हणजे साडेसातला वर्षातले काही महिने मिट्ट काळोख असतो. तरीही ‘सायंकाळी ७:३०’ वाचून कुणी चुकत नाही. लग्नपत्रिकेवर ते आपण बाराही महिने वाचतो. सीमा कुठे ठेवली याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते एकाच शब्दाखाली तोच अंक दोनदा आला तर. वरच्या वाटणीत ‘रात्री’ खाली ८, ९, १०, ११, १२, १, २, ३ येतात, एकही अंक पुन्हा येत नाही. तुम्ही सीमा हलवल्या तर ही एक तपासणी पुन्हा करा. ‘सायंकाळी’ काढून टाकून सगळ्याला ‘रात्री’ म्हणणारी आणि रात्र पहाटे सहापर्यंत ताणणारी ॲपं आहेत. तिथे ‘रात्री ५:३०’ म्हणजे काय हे कुणालाच सांगता येणार नाही.

संक्षेप करायची वेळ आली तर ‘स.’ आणि ‘सं.’ ही जोडी कधीच वापरू नका. स्वस्त फोनच्या छोट्या पडद्यावर अनुस्वार दिसत नाही आणि सकाळची संध्याकाळ होते. ‘सायं.’ लिहा. ‘दु.’ आणि ‘रा.’ ठीक आहेत, पण पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीसाठी मागे पूर्ण शब्दच द्या, नाहीतर यंत्र ‘रा नऊ पाच’ असं काहीतरी म्हणतं.

यादीत नुसता भाग लिहायचा असेल तर ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘रात्र’. वेळेला जोडून आला की ‘सकाळी’, ‘दुपारी’, ‘रात्री’. ही दोन वेगळी रूपं आहेत, म्हणून शब्दांच्या यादीत दोन वेगळ्या नोंदी मागून घ्या. एकाच नोंदीत भागवलं की कुठेतरी ‘सकाळ ९:३० वाजता’ छापून येतं. बोलीतले ‘सांच्याला’, ‘झुंजूमुंजू’ गोड आहेत, पण मेनूत नकोत. परभणीचा शब्द रत्नागिरीत अडतो.

मध्यरात्र

इथे जास्त वेळ द्या. उरलेल्या तेवीस तासांत चुकलेलं सहसा लक्षात येतं. मध्यरात्रीचं चुकलेलं गाडी सुटल्यावर कळतं.

पहिली अडचण बाराची. एएम म्हणजे सकाळ असं डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे ‘१२ एएम’ म्हणजे सकाळ संपतानाचे बारा, असं कितीतरी जण समजतात. खरं तर ती मध्यरात्र. अमेरिकेची निस्ट ही प्रमाणमापनाची संस्थाही १२ एएम आणि १२ पीएम टाळायला सांगते. मराठीत हा प्रश्न एका शब्दात मिटतो: ‘दुपारी १२’, ‘रात्री १२’. एएम-पीएम सोडून मराठी शब्द वापरायचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

दुसरी अडचण तारखेची, आणि ती शब्दाने आपोआप मिटत नाही. आपण ‘सोमवारी रात्री साडेबाराला’ म्हणतो तेव्हा सोमवार उलटून गेलेला असतो. कॅलेंडरच्या हिशोबाने तो मंगळवार, ०:३०. तिकिटावर १५ तारीख आणि ००:२० अशी वेळ असेल तर स्टेशनवर १४ तारखेच्या रात्री पोचायचं असतं. १५ च्या रात्री पोचलेल्याची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. यासाठी वेळ निवडल्यावर खाली एक ओळ आपोआप यायला हवी. रात्री १२ ते ३:५९ मधली वेळ असेल तेव्हाच ती दाखवा, एरवी नको:

‘१४ आणि १५ तारखेच्या मधली रात्र, १२:२०’

किंवा मोटारीच्या ॲपमध्ये:

‘सोमवारची रात्र संपताना, मंगळवार लागल्यावर १२:३० ला मोटार चालू होईल’

लांब आहे. असू द्या. ही ओळ वाचून माणूस एकदा थांबतो, आणि इथे त्याने थांबायलाच हवं.

तिसरी अडचण दिवस संपण्याची. ‘३० तारखेला रात्री १२ पर्यंत अर्ज भरा’ यात ३० चा पूर्ण दिवस मिळतो की २९ ची रात्र संपताच मुदत संपते? दोन्ही अर्थ निघतात. ‘३० तारखेला रात्री ११:५९ पर्यंत’ लिहा; वाद उरत नाही. आत साठवताना २४:०० वापरू नका. वेळ-तारखेच्या आयएसओ ८६०१ या मानकातून २०१९ साली २४:०० काढलं गेलं आणि २०२२ च्या दुरुस्तीत परत आलं, त्यामुळे कोणती लायब्ररी ते मान्य करेल याचा भरवसा नाही. दुसऱ्या दिवसाची ००:०० साठवा, दाखवताना शब्दांत दाखवा.

वेळ आणि कालावधी

‘२:३०’ म्हणजे अडीच वाजले की अडीच तास? मोटारीच्या पडद्यावर दोन्ही रकाने शेजारी असतात. घड्याळाच्या वेळेला विसर्गासारखं दिसणारं चिन्ह, म्हणजे कोलन, आणि कालावधीला नेहमी शब्द: ‘चालू: रात्री १२:३०’, ‘किती वेळ: २ तास ३० मिनिटे’. कालावधीत कोलन अजिबात येऊ देऊ नका. ‘पासून-पर्यंत’ दाखवताना मध्ये आडवी रेघ न टाकता ‘ते’ लिहा आणि दोन्ही बाजूंना दिवसाचा भाग द्या: ‘सकाळी ९:३० ते दुपारी १:३०’.

अंक आणि कोलनची जागा

एका पडद्यावर एकाच लिपीचे अंक ठेवा. देवनागरी ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो. मिसळ झाली की घाईत चारचे आठ वाचले जातात. सीएलडीआरमध्ये मराठीचे ठरलेले अंक देवनागरीच आहेत, पण वेळ निवडायचं चाक एका लायब्ररीचं आणि खालची ओळ दुसरीची असली की मिसळ होतेच. दोन्ही उघडून पाहा.

कोलनचं दुखणं मराठीला खास आहे. देवनागरी कीबोर्डवर विसर्ग हाताशी असतो आणि दिसायला तो कोलनसारखाच. लोक ‘९ः३०’ टाइप करतात. पडद्यावर बरोबर दिसतं, काही फाँटमध्ये मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ येतं, आणि ॲप म्हणतं ‘वेळ चुकीची आहे’. माणूस तीच वेळ पुन्हा तशीच भरतो, पुन्हा तेच उत्तर. इथे शब्द सुधारून उपयोग नाही, प्रोग्राम सुधारायला हवा: विसर्ग, कोलन, टिंब आणि मोकळी जागा, चारही स्वीकारा, दोन्ही लिपींचे अंक स्वीकारा, साठवताना कोलन करा. टिंब स्वीकारताना मिनिटं दोन अंकी आहेत का, ते पाहा. ‘९.५’ आलं तर नऊ वाजून पाच की साडेनऊ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बोलून वेळ सांगायची सोय असेल तर सव्वा, साडे, पावणे यांच्यापुढे तासाचा अंक येतो आणि हिशोब सोपा आहे. पण ‘दीड’ आणि ‘अडीच’ यांना वेगळा अंक नसतो. ‘साडेएक’ कुणी म्हणत नाही. आणि ‘पाऊण वाजता’ म्हणजे १२:४५, ‘सव्वा वाजता’ म्हणजे १:१५. यांत तासाचा अंक बोललाच जात नाही, म्हणून अंक शोधणारा प्रोग्राम इथे हमखास पडतो. हे चार शब्द यादीत हाताने घाला.

कोडमध्ये कुठे बिघडतं

वेळेच्या साच्यात, म्हणजे वेळ कशी लिहायची हे प्रोग्रामला सांगणाऱ्या अक्षरांत, छोटा एच म्हणजे १ ते १२, मोठा एच म्हणजे ० ते २३. मोठा के ० ते ११ आणि छोटा के १ ते २४ मोजतो. हे दोन चुकून लागले तर ‘दुपारी ०:३०’ किंवा ‘२४:३०’ अशा वेळा उमटतात. सगळ्यात जास्त सापडणारी चूक वेगळी आहे: छोटा एच आहे, पण दिवसाचा भाग दाखवणारं अक्षर साच्यात नाही. मग दुपारचे अडीच आणि रात्रीचे अडीच दोन्ही ‘२:३०’. दिवसाच्या भागासाठी छोटा ए लावला तर एएम-पीएमच्या जागचा मजकूर येतो. मोठा बी लावला तर सकाळ-दुपारचे शब्द येतात. छोटे दोन एम मिनिटांचे आणि मोठे दोन एम महिन्याचे. ऑगस्टमध्ये प्रत्येक वेळ ‘९:०८’ दिसत असेल तर तिथे पाहा.

जावास्क्रिप्टमध्ये ‘अवर-ट्वेल्व्ह’ फॉल्स ठेवलं, तर काही लोकेलमध्ये (भाषा आणि देशाप्रमाणे ठरलेल्या मांडणीत) मध्यरात्र ‘२४:००’ अशी दिसते. त्याऐवजी ‘अवर-सायकल’ला ‘एच-२३’ द्या.

शब्द जोडून वाक्य बनवू नका. वेळ अधिक मोकळी जागा अधिक भाग असं कोडात पक्कं केलं, की मराठीत ‘९:३० सकाळी’ येतं. पूर्ण साचाच भाषांतरासाठी द्या, म्हणजे ‘सकाळी ९:३० वाजता’ असा क्रम बदलता येईल. ‘वाजता’, ‘पासून’, ‘पर्यंत’ हे शब्दही साच्यातच राहू द्या, बाहेरून चिकटवू नका.

टॉगल की दोन गोळे

‘२४ तासांचे घड्याळ वापरा’ असं एकच टॉगल, म्हणजे चालू-बंद करायचं बटण, ठेवलं तर बंद असताना काय होतं हे कुठेच लिहिलेलं नसतं. फोनच्या सेटिंगमध्ये ही पद्धत रुळली आहे, पण आपल्या ॲपमध्ये जागा असेल तर एक निवडायचे दोन गोळे आणि प्रत्येकापुढे नमुना हेच बरं. टॉगलच ठेवायचं असेल तर खालची ओळ बंद-चालूप्रमाणे बदलू द्या: ‘आता अशी दिसेल: रात्री ९:०५’. सेकंद दाखवायचे का, तासाआधी शून्य हवं का, हे सामान्य माणसाला विचारूच नका.

वेळ-पट्टा (टाइम झोन) विचारावा लागलाच तर ‘आशिया/कोलकाता’ हे नाव पुढे करू नका. नांदेडचा माणूस यादीत महाराष्ट्र शोधत बसतो. ‘भारतीय प्रमाण वेळ’ लिहा.

लोकांना दाखवून पाहा

पाच-सहा जण पुरतात, पण ते वेगवेगळे हवेत: एखादा एसटीचा वाहक, एखादी अंगणवाडी सेविका, मोंढ्यातला हमाल किंवा अडत्या, शेतकरी, कॉलेजचा विद्यार्थी. पडद्याचे कागदावर काढलेले फोटोही चालतात. ‘कळलं का?’ असं विचारू नका. ‘हो’ असंच उत्तर येतं. ‘मोटार कधी चालू होईल? तेव्हा तुम्ही कुठे असाल?’ असं विचारा. ‘झोपलेलो असेन’ हे उत्तर आलं तर वेळ बरोबर पोचली.

दाखवायच्या वेळा ठरलेल्या ठेवा: रात्री १२:१५, दुपारी १२:००, दुपारी १:०५, सायंकाळी ७:४५, रात्री ११:४५, पहाटे ४:००. दोन्ही पद्धतींत दाखवा. कुणी बोटांवर बारा वजा करायला लागलं, तर त्याने बरोबर उत्तर दिलं तरी तो पडदा नापास धरा.

शेवटी मेनूबाहेरच्या जागा पाहून घ्या. पर्याय बदलल्यावर ॲपमधली वेळ बदलते, पण एसएमएस, नोटिफिकेशन, व्हॉट्सॲपवर जाणारा संदेश आणि पावतीची पीडीएफ बऱ्याचदा सर्व्हरवर तयार होते आणि तिथे जुनाच साचा असतो. फोनवर ‘रात्री १२:३०’ आणि एसएमएसमध्ये नुसतं ‘१२:३०’ असं चालणार नाही. सर्व्हरला वापरणाऱ्याची निवड माहीत नसेल, तर तिथे दिवसाच्या भागासह १२ तासांची वेळच पाठवा.